साक्षीची काच

टोर्स्टन हालग्रेनचा फोटो स्टुडिओ गावात सर्वांत जुना. लग्नं, बारशी, शाळेचे वर्ग, सगळं त्याच्याच कॅमेऱ्यातून गेलेलं. पण त्याचा जीव अडकला होता आभाळात. वर्षानुवर्षं धूमकेतू शोधूनही एक हाती लागेल तर शपथ. आणि त्याचा मेहुणा एवाल्ड ब्रुंक, औषधांचा दुकानदार, एका पहाटे हरवलेलं मांजर शोधायला दुर्बीण घेऊन अंगणात आला, आणि त्याला धूमकेतू सापडला! आता तो धूमकेतू शोधणाऱ्याच्या नावाने, 'ब्रुंक' म्हणून, जगभर ओळखला जातो.

"माझ्या भावाचं नाव आभाळात आहे," टोर्स्टनची बायको सिग्ने गिऱ्हाइकांना सांगायची. टोर्स्टनच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या भावाला दुर्बीण धरायला शिकवलं कुणी?

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात खग्रास ग्रहण आलं, तेही नेमकं त्यांच्या स्वीडिश किनाऱ्यावर. सूर्य झाकला की त्याच्या शेजारी लपलेला धूमकेतू फोटोत येऊ शकतो. एरवी उजेडात तो दिसणं शक्यच नाही. या कामाची रीत ठरलेली होती: आभाळाचा एकच तुकडा दोनदा टिपायचा, शक्यतो दोन कॅमेऱ्यांनी. फोटो काचेच्या पट्टीवर उमटायचा, आणि एका काचेवरचा ठिपका धुळीचाही असू शकतो. दुसऱ्या काचेने साक्ष दिली तरच वेधशाळा मानते, आणि मग नावं दोघांची लागतात.

हेच टोर्स्टनच्या घशाखाली उतरेना. 'ब्रुंक-हालग्रेन' म्हणजे लोक पहिलं नाव घेणार आणि दुसरं गिळणार.

ग्रहणाच्या दुपारी कुरणावर कॅमेरे मांडून झाले. सिग्नेने कॉफी आणि दालचिनीचे पाव आणले.

"दाजी, आज तुमचं नशीब उघडतंय बघा," एवाल्ड म्हणाला.

"मांजर आणलंस का? त्याच्याशिवाय तुला काही सापडत नाही."

एवाल्ड हसत पाव घ्यायला वळला. तेवढ्यात टोर्स्टनने आपला कॅमेरा सूर्याच्या दुसऱ्या बाजूला फिरवला. तो लागोपाठ दोन काचा घेणार होता. साक्षही आपलीच, नावही आपलंच.

अंधारलं. टोर्स्टनने भराभर दोन्ही काचा घेतल्या. एवाल्डने एकच घेतली, पण अगदी सावकाश. साक्षीला दाजी होते ना!

डार्करूममध्ये टोर्स्टनच्या दोन्ही काचांवर चारदोन ताऱ्यांपलीकडे काही उमटलं नाही. एवाल्डच्या काचेवर मात्र सूर्याच्या कडेला शेपटीवाला ठिपका होता. पुन्हा यालाच! टोर्स्टनला तो नखाने खरवडून टाकावासा वाटला. मग लक्षात आलं, त्याची गरजच नाही. साक्षीशिवाय तो ठिपका म्हणजे धूळच. त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

ठिपका पाहून एवाल्ड लहान पोरासारखा नाचला. मग त्याने टोर्स्टनच्या काचा उजेडावर धरल्या.

"हे तारे तर दुसऱ्या बाजूचे आहेत, दाजी."

"वाऱ्याने कॅमेरा सरकला असेल."

"दोन्ही काचांवर सारखाच?"

एवाल्डने काचा खाली ठेवल्या.

"नाव 'हालग्रेन-ब्रुंक' लावायला सांगणार होतो मी," तो म्हणाला. "ताईला तसं कबूलही केलं होतं. तुमचं आधी."

टोपी उचलून तो निघून गेला. वेधशाळेने ठिपका मानला नाही, आणि धूमकेतू परत कुणालाच दिसला नाही. टोर्स्टनला लाज वाटली, पण थोडीच. दुसऱ्याचं नाव आधी लावायचा मोठेपणा आपल्याला सुचला नाही, तोही एवाल्डलाच सुचला, याचाच त्याला जास्त जळफळाट झाला.