दादा पत्ते टाकत नाही

पोकरमध्ये मला सगळ्यात आवडतो तो अर्धवट हात. माझ्याकडे दोन बदाम, टेबलावरच्या सगळ्यांच्या सामाईक पानांत दोन बदाम. पाचवं आलं की फ्लश, म्हणजे पाचही पानं एका रंगाची, नाही आलं तर ठणठण गोपाळ. असा हात गपगुमान खेळायचा नसतो, दणकून बोली लावायची. एकतर समोरचा घाबरून पत्ते टाकतो, म्हणजे डाव सोडतो, नाहीतर पाचवं बदाम येतं. जिंकायच्या दोन वाटा! फोनवर व्हिडिओ बघून बघून मी हे घोटून घेतलं आहे.

पण गांधीबागेत, दादाच्या कापड दुकानाच्या माडीवर, दर रविवारी दुपारी आम्ही चौघं पोकरला बसतो ते सगळे तीन पत्तीवर वाढलेले. तीन पत्तीत शेवटी 'शो' मागायचा असतो, समोरच्याची पानं बघितल्याशिवाय उठणं म्हणजे नामुष्की. त्यात आम्ही पैशांऐवजी लावतो कोटाची बटनं, मग भीती कसली? तरी बाकीचे दोघं मित्र माझ्या बोलीला दबतात. दादा नाही. पत्ते धरायला त्यानेच शिकवलं मला, आणि एकदा, फक्त एकदा, त्याने माझ्या बोलीपुढे पत्ते टाकावेत एवढीच माझी हौस आहे. पोरकट आहे, माहीत आहे. पण जीव अडकलाय त्यात.

गेल्या रविवारी चार बदाम जमले आणि मी पुढ्यातली सगळी बटनं ढकलली. दोघांनी निमूट पत्ते टाकले. दादा नुसत्या सहाच्या जोडीवर तेवढीच बटनं लावून डावात आला, आणि पाचवं बदाम काही आलं नाही.

"सहाच्या जोडीवर कोणी येते का दादा? काहून आला तू?" माझं डोकंच फिरलं होतं.

"पाहून घेतलं," दादा बटनं ओढत म्हणाला. "तुह्याजवळ खरंच काही असलं का तुह्या तोंडातून शब्द निघत नाही. आता त दुकान विकायले काढल्यासारखा करून राहिला होता."

मी उसनी बटनं घेऊन, धुसफुसत बसून राहिलो. थोड्या वेळाने पुन्हा चार बदाम जमले, आणि या खेपेला पाचवंही आलं. मी न बोलता थोडीशी बटनं पुढे सरकवली, दादाला जाळ्यात घ्यायला.

दादाने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातले दोन राजे उताणे टाकून दिले.

"घेऊन घे," तो म्हणाला.

मी चिडून माझी पानं उघडी केली, पण तो तोवर पुढच्या डावासाठी पत्ते पिसायला लागला होता.