पावती उठताना फाडा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. खरं तर सुभाषलाच सांगायला हवं होतं. पण तो मागच्या महिन्यात गेला — आणि ऐकायला आता तुम्हीच आहात.

सुभाष माझा शाळेपासूनचा मित्र. देऊळगाव राजात त्याचं दोऱ्या-कासऱ्यांचं छोटं दुकान होतं. आठवडी बाजाराला मात्र तो पोतं अंथरून जमिनीवर बसायचा. मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं वाचली. स्वतःचं असं एक तरी सुचलं का?

त्याला सुचलं होतं. नगरपालिकेच्या निवडणुकीला तो उभा होता, आणि व्यापाऱ्यांनी सगळ्या पक्षांच्या उमेदवारांची समोरासमोर चर्चा ठेवली होती — छोट्या धंद्यांसाठी तुम्ही काय करणार? त्याआधी सुभाष वाचनालयात आला. "पंडित, आइक. बाजारात बसल्याबरोबर पालिकेचा मानूस पावती फाडते. अजून भवानी नाही झाली, त त्याले पैसे द्याचे कुठून? पावती उठताना फाडा! इकलं त घ्या, नाही इकलं त राहू द्या."

मी थक्क झालो. अख्खं भाषण त्यानं तीन शब्दांत बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाचे उमेदवार आले. वकील माणूस. "सर, तुम्ही एवढं वाचता. एखादा मुद्दा द्या ना." असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी चष्मा पुसला. विचार केल्यासारखं केलं — काय सांगू तुम्हाला — आणि म्हणालो, "पावती उठताना फाडा."

माझंच असल्यासारखं. त्यांची भीती नव्हती, काही हवंही नव्हतं. हुशार दिसायचं होतं.

चर्चेत वकिलांची पाळी आधी आली. त्यांनी ते वाक्य उच्चारलं आणि बाजारकरी उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी पहिल्या रांगेत, मान खाली. सुभाषकडे दुसरं काही बोलायला नव्हतंच. तो माइकपाशी आला आणि हसला.

"वकीलसाहेब, माह्याबी मनात हेच होतं. दोघंबी तेच म्हनून राह्यलो, त भांडाचं काऊन? कोनीबी निवडून या. पावती उठतानाच फाडा."

मागून कुणी ओरडलं, "अबे, मंग उभा काऊन राह्यला?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं सुभाष.

तो पडला. वकील निवडून आले, आणि त्यांनी शब्द पाळला. पुढे कितीतरी वर्षं सुभाष भेटेल त्याला हे कौतुकानं सांगायचा — "विरोधकाच्याबी मनात चांगलं येते, भाऊ!" आणि माझ्याकडे वळून, "हाव ना, पंडित?"

मी म्हणायचो, हाव.

ते वाक्य त्यानं आधी फक्त मला सांगितलं होतं. त्याला कधी शंका आली नसेल? आली असेल, तरी ती त्याच्या हसण्यात कधी दिसली नाही. एवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी तीच गोष्ट सांगितली — दोन विरोधकांच्या मनात एकच विचार कसा आला ती. लोकांचे डोळे भरले. समोर वकीलसाहेब बसले होते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग नजर काढून घेतली.

वाक्य सुभाषचं होतं. मी ते माझं म्हणून दिलं.