हिल्क्येच्या डोक्याचा साचा

उन्हाळ्यातल्या शर्यतीत घोडागाडी भरधाव असताना हिल्क्येची टोपी डोळ्यांवर घसरली, आणि टांगलेली कडी टिपायचा भाला हवेतच घुसला. मैदानभर हशा झाला. नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडच्या बाईची चांदीची टोपी डोक्यावर कातडीसारखी बसली पाहिजे. ती हलते म्हणजे कुणीतरी वाकवलीय, आणि ते कुणीतरी म्हणजे नवराच.

"तू बसलास तिच्यावर," हिल्क्ये म्हणाली.

"मी बसलो असतो तर तिची ताटली झाली असती," वॉबे म्हणाला.

गाडी तो हाकायचा, शेजारी बसून कड्या ती टिपायची, सव्वीस वर्षं. दोन वर्षांपासून टोपी डगमगायला लागली होती. हिल्क्ये उजवीकडच्या फटीत कापूस कोंबायची आणि दर हंगामात कापूस वाढत जायचा.

शेवटी ती लोल्के सोनाराकडे गेली. "चार ठोके मार, सरळ कर."

लोल्केनं फळीवरून तिच्या डोक्याचा लाकडी साचा काढला. लग्नाच्या वर्षी आईची टोपी तिच्या मापाची करताना त्यानंच तो कोरला होता. त्यावर टोपी ठेवली. कुठे फट नाही की डुगडुग नाही.

"टोपी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बिघडलंय ते तुझं डोकं."

"वॉबेला सांगू नकोस. तो हेच म्हणत आलाय."

पण लोल्के हसला नाही. त्याचा अंगठा तिच्या डाव्या कानाच्या वर थांबला. तिथं हाडालाच टेंगूळ आलं होतं, आणि तेच टोपीला डावीकडून उचलून तिरकी करत होतं. दुखत नव्हतं, म्हणून तिनं कधी लक्षच दिलं नव्हतं.

स्कॅनमध्ये ते हाड मधाच्या पोळ्यासारखं दिसलं, मधून चहूकडे किरण फुटावेत तशा हाडाच्या बारीक काड्या. "रक्तवाहिन्यांची गाठ आहे, हाडाच्या आतच वाढलेली," डॉक्टर तेर्प्स्ट्राबाई म्हणाल्या. "कवटीत क्वचितच होते. कॅन्सर वाटत नाही, पण काढून तपासल्यावर पक्कं कळेल. तेवढं हाड कापून त्या जागी धातूची पट्टी बसवू."

"टोपी बसेल?"

"उजव्या बाजूचं उलटं चित्र घेऊन कॉम्प्युटर पट्टी आखतो. बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

"बघणाऱ्याला नाही कळलं तरी टोपीला कळेल, डॉक्टर."

पुढच्या खेपेला तिनं बाजारच्या पिशवीतून साचा काढून टेबलावर ठेवला. "माझी डावी बाजू जन्मापासून चपटी. दोन्ही बाजू सारख्या असतात का कुणाच्या?"

डॉक्टरांनी साच्याचा स्कॅन करून पट्टीचं चित्र त्यावर ठेवलं. पट्टी तीन मिलिमीटर जास्त फुगीर होती.

"रोग्यानं आपलं जुनं डोकं पिशवीतून आणलेलं पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या, आणि पट्टी साच्याबरहुकूम नव्यानं आखली.

शरद ऋतूत शस्त्रक्रिया झाली. गाठ अख्खी निघाली आणि तपासणीत निरुपद्रवी ठरली. जखम भरली, केस बोटभर वाढले. वसंतात लोल्केनं टोपी तिच्या डोक्यावर ठेवली, दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली आणि तिनं सवयीनं आणलेला कापसाचा डबा बंद केला.

जुलैत पुन्हा शर्यत लागली. वॉबेनं काळ्या घोडीला मोकळं सोडलं. पहिली कडी भाल्यावर ओवली गेली. दुसरी, तिसरी. पूर्वी तिचा अर्धा जीव टोपीत अडकलेला असायचा. आज सगळं लक्ष कडीवर होतं. सातवीला मैदान चिडीचूप झालं. नववीला वॉबेचेच डोळे भरून आले.

"पुढे बघ रे रडूबाई, घोडी तू हाकतोयस!" ती ओरडली, आणि दहावी कडी खणकन भाल्यावर आली.

दहापैकी दहा. लोक उठून उभे राहिले. गाडी थांबायच्या आतच हिल्क्येनं भाला उंच धरला आणि गेल्या साली हसलेल्या सगळ्यांकडे वळून मुद्दाम डोकं गदागदा हलवलं.