न पेलणारं चिलखत

आमच्या गेमची चाचणी चालू असताना खेळणाऱ्याच्या मागे गप्प बसायचं असतं. ते काम मला छान जमतं. काल मुग्धाताई खेळत होती. ती गेमला संगीत देते. तिच्या फौजेत जखमा बांधणारी एक लहानखुरी मुलगी आहे. ताई तिला चिलखत घालायला जायची आणि पडद्यावर दरवेळी उमटायचं, ‘कौशल्य अपुरं’. तो नियम माझा. पहिला बाण लागला की मुलगी मरायची.

“लढल्याशिवाय हिला कौशल्य येणार नाही आणि चिलखताशिवाय ही बिचारी लढणार कशी? कुणाच्या डोक्यातून निघालाय गं हा नियम?” ताई वैतागली.

मी खाली पाहिलं. या गेम कंपनीत आले तेव्हा माझं मराठी असंच अपुरं होतं. इंग्रजी शाळेतली मी, ‘एकोणसत्तर’ ऐकलं तरी बिचकायचे. तरी या लोकांनी आल्या आल्या मला पात्रांचे संवाद लिहायला दिले. माझी वाक्यं वाचून ताई खो खो हसायची, पण काम कुणी काढून घेतलं नाही. लिहिता लिहिताच भाषा अंगावर बसत गेली. त्याबद्दल आभार मानायला मला अजून जमलेलं नाही.

आज मी नियम बदलला. चिलखत कुणीही घालावं. सवय होईपर्यंत फक्त चाल मंदावेल. ताईला पुन्हा खेळायला बसवलं. मुलगी सगळ्यांच्या मागून रखडत निघाली. एक बाण खणकन आदळला.

“जिवंत आहे गं!” ताई ओरडली आणि खुर्ची फिरवून तिनं टाळीसाठी हात पुढे केला.