सीलबंद खोक्यातली दादाची गाठ

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नंतर धीर होणार नाही. थोरल्या भावासाठी घेतलेली एक वस्तू मी दुसऱ्याला दिली. भाऊ होता तोवर त्याला सांगितलं नाही, आणि तो गेल्यावर दोन वर्षं वहिनीलाही नाही.

भूतखेत, अंगात येणं, अंगारे-धुपारे... यातलं मी कधी काही मानलं नाही. आजही मानत नाही. पण पुढे जे लिहितोय ते माझ्या हातात होतं, आणि दोन माणसांनी माझ्यासमोर पाहिलं.

आम्ही मूळचे खानदेशातले. दादा सुरतेत लिंबायतच्या एका कारखान्यात माग चालवायचा. त्याच्या कमाईवर मी शिकलो आणि पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये कारकून झालो. दादाला एकच नाद — विमानांची मॉडेलं. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी, खोक्यात सुटे भाग, ते चिकटवून जोडायचे. सुरतेत अशी खोकी दुकानात कुठली मिळायला! चौक बाजारच्या शनिवारच्या गुजरीत, जुन्या पारशी घरांतून निघालेल्या सामानात एखादं सापडायचं. त्यातही दादाला फक्त जुनी प्रवासी विमानं हवी असायची. "लढाईनं इमान नको," म्हणायचा, "मानसं मारनारं घरमा कसाले?" कारखान्यातले चिडवायचे, "पाटील, आमले कधी बसाडस इमानमा?" तो म्हणायचा, "तू पहिले तिकीट काढ!"

दोन वर्षं तो एकच खोकं शोधत होता — ड्रॅगन रॅपिड. दोन मजली पंखांचं, एकोणीसशे तीसच्या दशकातलं. त्याच्या पंखांमध्ये तारा ताणलेल्या असतात. दादा म्हणायचा, "त्या तारा मी आपला मागना दोराना लावसू. मन्हासारखी गाठ कोनले येस?" खरंच कुणाला येत नव्हती. डाव्या तर्जनीचं पेर मागात गेलेलं, म्हणून तो तुटलेला धागा उलट्या बाजूने फिरवून दाताने ओढायचा. ती गाठ कापडातही वेगळी दिसायची.

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षीची, त्र्याण्णवची गोष्ट. गुजरीत रसूलचाचाच्या पथारीवर मला ते खोकं दिसलं. घेतलं तेव्हा दादासाठीच घेतलं, शपथेवर सांगतो. तिथून तसाच मिलमध्ये गेलो, खोकं टेबलाखाली ठेवलं. आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात विमानं होती. जाता जाता त्यांची नजर पडली.

"अरे, ये कहाँ मिला?"

मी तेव्हा टेंपररी होतो. कायम करायची यादी त्यांच्याच हातात. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आपके लिए ही लाया."

एवढंच. दीड महिन्यात मी कायम झालो.

दादाला कळणार कुठून, असं मला वाटलं होतं. त्या दिवाळीत त्याने फळीवरची विमानं सरकवून मधे जागा केली, चिकटवायच्या सोल्यूशनची नवी ट्यूब आणली. मी घरी आलो की माझ्या हातांकडे बघायचा आणि उगाच हसायचा. मी तिकडे लक्ष दिलं नाही... पुढच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. बारा दिवसांत गेला.

तेरावं झाल्यावर गुजरीत गेलो, तर रसूलचाचा म्हणाला, "तेरा भाई आया था, वो दो पंखोंवाला पूछने. मैंने बोला, तेरा छोटा ले गया. इतना खुश हुआ! बोला, चाचा, उसको मत बताना कि मुझे मालूम है."

म्हणजे सात-आठ महिने तो वाट बघत होता. एकदाही विचारलं नाही.

त्यानंतर मी दर शनिवारी गुजरीत जायला लागलो. तेच विमान शोधायचं. सापडून काय होणार, कुणाला देणार, ते माहीत नव्हतं. दोन वर्षांनी नानपुऱ्याच्या एका बंद झालेल्या पारशी घराच्या सामानात ते मिळालं. खोक्यावरचा पारदर्शक कागद पिवळा पडलेला, पण कुठेही उकललेला नव्हता. मी चारी बाजूंनी पाहिलं. चाचानेही पाहिलं, म्हणाला, "एकदम कोरा है."

भर दुपारी घरी खिडकीशी बसून उघडलं. बायको, सुनंदा, शेजारी तांदूळ निवडत होती. आत भागांची प्लास्टिकची पिशवी, तीही कारखान्यातूनच कडा डकवून बंद केलेली. कापायच्या आधीच मला दिसलं... वरचा पंख आणि खालचा पंख, दोन्ही अजून आपापल्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले, आणि त्यांच्यामध्ये एक करडा धागा ताणून बांधलेला. एकच.

सुनंदा म्हणाली, "अहो, हा तर मागाचा धागा."

मी पिशवी न फोडता लिंबायतला दादाच्या मागावरच्या जोडीदाराकडे, शांतारामकडे गेलो. फक्त म्हणालो, हे बघ. तो पिशवी उजेडात धरून सहज म्हणाला, "हाई ते पाटीलनी गाठ शे. कोठे भेटनी तुले?"

मी खूप विचार केला. कुणी खोकं उघडून पुन्हा बंद केलं असेल? पण डकवलेल्या पिशवीत हात कसा जाईल? दुसऱ्या कुणाची गाठ तशीच असेल? शांतारामने वीस वर्षं दादाच्या शेजारी माग चालवला, तो चुकेल?

पुढच्या रविवारी ते खोकं घेऊन नवागामला वहिनीकडे गेलो. ती ओट्यावर साड्यांना टिकल्या लावत बसली होती. खोकं पाहिलं, हातातली साडी बाजूला ठेवली, पदराने डोळे पुसले.

"ठेयेल व्हतं तुम्ही अजून? तुमना दादा माले म्हने, धाकलानी लिधं शे, तू काही ईचारू नको, त्याले सोताना हातनं देऊ दे... लई उशीर कया हो, भाऊ."

तिला वाटलं, हे तेच. मी तेव्हापासून जपून ठेवलेलं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तिच्या मनात मी चांगला दीर राहिलो असतो, आणि खरं काय ते कुणाला कधीच कळलं नसतं.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"वहिनी, हे ते नाही. ते मी त्याच दिवशी साहेबाला देऊन टाकलं. नोकरीसाठी. दादा वाट बघत राहिला आणि मी गप्प बसलो. चुकलो मी. मला माफ करा."