ओलं पोतं धरणारा

जळगावला गाडीतून उतरलो. पेटी, पलिते, पोती, सगळं मीच ओढत बाहेर आणलं. माझा जोडीदार सुदाम केव्हाच चहाच्या टपरीवर पोचला होता. साताऱ्याहून इतक्या लांब आम्ही जत्रांमधून आगीचा खेळ करायला आलो होतो, आणि हा गडी सासरी आल्यासारखा बशीत चहा ओतत होता.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. रॉकेलचा घोट तोंडात घेतला की बोलता येत नाही, आणि मान वर असल्याने मागचं दिसत नाही. म्हणून जोडीदार ओलं पोतं घेऊन पाठीशी उभा राहतो आणि ‘आहे’ म्हणतो. ते ऐकल्याशिवाय जाळ फुंकायचा नाही. कपड्याने पेट घेतला की पोतं अंगावर पडलं पाहिजे. सुदामला काम एवढंच.

नशिराबादला आधी भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) हाणली. मग खेळ लावला. घोट घेतला, मागून खणखणीत ‘आहे!’ आलं, मी फुंकलं. वारा फिरला आणि बाही पेटली. पोतं काही येईना! मी मातीत गडबडा लोळलो. लोकांना तोही खेळच वाटला, टाळ्या पडल्या. उठून बघतो तर महाराज भजीवाल्याच्या बाकावर. तिथूनच ओरडले होते.

“आवाज तर दिला ना?” सुदाम म्हणाला.

“धुळ्यानंतर तू तुझ्या वाटेने, मी माझ्या,” मी म्हणालो. दंडाची आग होत होती आणि डोकं त्याहून तापलं होतं.

पारोळ्याला बस थांबली. पान आणतो म्हणून सुदाम उतरला आणि बस सुटली. मी ओरडलो, पण कंडक्टरने मागे वळूनही पाहिलं नाही. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. गाड्यांतून ओरबाडलेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून राहिला होता. शेजारच्या रिकाम्या जागेवर मी पेटी ठेवली.

धुळ्याजवळच्या एका गावात जत्रा होती. दिवस मावळताना लोकांनी गोल धरला. एवढी माणसं, पण पाठीशी कुणी नाही. खरं सांगतो, इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. पलिता पेटवला आणि तसाच उभा राहिलो. पोत्याशिवाय फुंकायची छाती होईना.

“काय व्हयनं, भाऊ?” (काय झालं?) पुढे बसलेल्या एका पागोटेवाल्या आबांनी विचारलं.

मी अडचण सांगितली. आबा उठले, पोतं बादलीत बुडवलं आणि माझ्यामागे इतके जवळ उभे राहिले की पोत्याचं पाणी माझ्या टाचांवर ठिबकत होतं.

“मी आठेच शे,” (मी इथेच आहे) ते म्हणाले.

त्या दिवशी जाळ असा गेला की बायकांनी पोरं मागे ओढली. पोत्याची गरजच पडली नाही. मी आबांचे हात धरले. म्हटलं, “चला माझ्याबरोबर, आबा. पुढच्या जत्रेला चला.” मनापासून म्हणालो होतो.

आबा हसले. “मना बैल उपाशी शेतस. जास मी.” (माझे बैल उपाशी आहेत. जातो.) आणि गर्दीत मिसळून गेले.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर सुदाम बाकावर पाय पसरून झोपलेला. त्याने मला पाहिलं नव्हतं. गुपचूप बसमध्ये चढलो, खिडकीशी बसलो. सुटलो एकदाचा, असं वाटायला हवं होतं. पण घरापर्यंतचा तो सगळा रस्ता, एक शब्द बोलायला माणूस नाही, आणि पुढची जत्रा, आणि त्याच्या पुढची.

कंडक्टर आला. “किती?”

“दोन,” मी म्हणालो, आणि खिडकीतून डोकं काढून सुदामला हाक मारली.