गाडीच्या नाकावरचा हार

आमच्या गाडीला सावलीची भीती वाटते. पुलाखालची सावली, खोदकामावर टाकलेला लोखंडी पत्रा, डावीकडून हात न दाखवता घुसणारा दुचाकीवाला, यांतलं काहीही दिसलं की ती भर रस्त्यात कचकन ब्रेक मारते. मी नाही, ती. माझा पाय तेव्हा ब्रेकवर नसतोच. दुचाकीवाले हात दाखवून वळतील असं गृहीत धरणारी गाडी ज्यांनी बनवली, ते लोक आयुष्यात कधी पुण्यात आले होते का, असं त्यांच्या सर्व्हिस सेंटरला माझं विचारून झालं आहे. उत्तर अजून यायचं आहे.

गाडी आम्ही घेतली ती आईसाठी. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. आयुष्यभर दुसऱ्यांना उचलून बसवलं आणि निवृत्तीनंतर एकदा न्हाणीघरात साधी बादली उचलताना तिच्या पाठीचा मणका दबला. हाडं ठिसूळ झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चाला, फिरा, पण धक्का बसता कामा नये; आणखी एक मणका गेला तर अंथरुणातून उठणं अवघड होईल. झालं, रिक्षा बंद. वाकून बसावं लागतं म्हणून माझी जुनी छोटी गाडीही बंद.

आता हे घरी बसून काढता आलं असतं, पण आईचा रविवार होता ना. आम्ही हडपसरला राहायला येऊन बरीच वर्षं झाली, तरी तिचा विहार विश्रांतवाडीच्या जुन्या वस्तीतलाच. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, उपास नाहीत, नवस नाहीत. आहे ती रविवारची वंदना. पांढरी साडी नेसून आई तिथे जाते, वंदना होते, मग तिच्या मैत्रिणी तिला आपापली रक्तदाबाची गोळी दाखवतात आणि ती सगळ्यांना रागावते. या रागावण्यावर ती आठवडाभर टिकते. मणक्यानंतर हे थांबलं आणि आई माझ्या डोळ्यांदेखत म्हातारी व्हायला लागली.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे उंच गाडी होती. आई तिच्यात एकदा बसली. वाकायला नको, चढायला नको, नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. ‘हे बरंय,’ आई म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच. मी तीच गाडी घ्यायला गेले तर शोरूमवाला म्हणाला, ते मॉडेल बंद झालं मॅडम, आता नव्या रूपात आलंय, अधिक सुरक्षित. मी भुलले. नव्या रूपात कंपनीने केलं काय, तर चांगली चालणारी सगळी बटणं काढून टाकली आणि मधोमध जेवणाच्या ताटाएवढी स्क्रीन बसवली. एसी कमी करायचा, स्क्रीन. आरसा वळवायचा, स्क्रीन. आणि स्क्रीनला लहर आली की ती काळी पडते, मग भर थंडीत एसीचा वारा खात घरी यायचं.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी त्यांनी सॅटिनचं कापड ओढलं, केक कापायला लावला आणि मग एका माणसाने चाकांखाली लिंबं ठेवली. आई पुढे झाली, वाकता येत नाही म्हणून मला वाकायला लावून चारही लिंबं उचलून घेतली आणि त्याच्या हातात देत म्हणाली, ‘ऊन फार आहे. सरबत करा.’ बंपरला बांधलेली लिंबू-मिरचीही तिने सोडायला लावली. तो बिचारा ओशाळला. मी मात्र मनातून खूश होते.

पहिला ब्रेक मुंढव्याच्या पुलाखाली लागला. समोर काही म्हणजे काही नव्हतं. पट्टा छातीत रुतला, मागून आईचा एकच आवाज आला, ‘आई गं’. नर्सच्या तोंडून निघालेलं ‘आई गं’ मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी गाडी कडेला घेतली तेव्हा आई दोन्ही हातांनी पुढचं सीट धरून बसली होती आणि डोळे मिटून श्वास मोजत होती. ‘काही झालं नाही,’ ती म्हणाली. चेहरा सांगत होता झालं म्हणून.

वाघोलीचं सर्व्हिस सेंटर काचेचं आणि थंडगार आहे. तिथे कॉफी उत्तम मिळते. सल्लागार म्हणवणाऱ्या एका तरुणाने माझं सगळं ऐकून घेतलं, गाडीला वायर जोडली आणि सांगितलं, ‘मॅडम, सिस्टीममध्ये काहीच एरर नाही. अशी कम्प्लेंट फक्त तुमचीच आहे.’

‘मग ब्रेक कोण लावतं?’

‘गाडी तुमच्या सेफ्टीसाठी लावते ना. पुढे लोगोच्या मागे रडार असतं. त्याच्यासमोर तुम्ही लिंबू-मिरची बांधली असेल. लोक ऐकत नाहीत, बांधतात.’

आई सोबत होती. तिने खुर्चीतून त्याच्याकडे असं पाहिलं की पूर्वी वॉर्डात त्या नजरेने कंपाउंडर पळत. ‘बाळा,’ ती म्हणाली, ‘आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी लिंबू बांधलेलं नाही. तू माझ्या जागेवर बस आणि मुंढव्यापर्यंत चल.’ तो बसला. आम्ही मुंढव्यापर्यंत गेलो, पुलाखालून गेलो, परत आलो. गाडी कशी, तर गाईसारखी गरीब. एकदा म्हणून ब्रेक लागला नाही. त्याला सोडून आम्ही घराकडे निघालो आणि खराडीच्या अलीकडे लागला. मला गाडीतून उतरून तिला लाथ मारावीशी वाटली. आई मागे होती म्हणून नाही मारली.

तुम्ही म्हणाल, बंद का नाही करत ती सोय. करता येते. स्क्रीनवर, पाच-सहा पानं उलटून, कुठेतरी तळघरात एक खूण आहे ती पुसायची. पण गाडी बंद करून चालू केली की ती खूण आपोआप परत येते आणि स्क्रीन काळी असेल त्या दिवशी पुसणार काय, कपाळ? मी सॉफ्टवेअर अपडेट करून घेतलं. परत करून घेतलं. प्रत्येक वेळी गाडी चकचकीत धुऊन मिळाली.

सोसायटीच्या सेक्रेटरींचं निदान वेगळं होतं. पार्किंगमध्ये मला गाठून ते आवाज खाली आणत म्हणाले, ‘अहो ताई, राग नका मानू, पण नव्या गाडीचं लिंबू उचलायचं नसतं. मी ऐकलंय तुमच्या मातोश्रींनी उचललं म्हणून.’ म्हणजे एक म्हणतो बांधलं म्हणून होतंय, दुसरा म्हणतो बांधलं नाही म्हणून होतंय. मध्ये मी, आणि मागच्या सीटवर आईचा मणका.

मग येरवड्याजवळ तिसऱ्यांदा मोठा धक्का बसला. त्या वेळी आईने आवाजही केला नाही. घरी आल्यावर दोन दिवस पडून होती. एक्स-रे काढला, मणका शाबूत होता. डॉक्टर म्हणाले, नशीब. पुढच्या रविवारी मी चावी घेऊन उभी राहिले तर ती घरातल्याच साडीवर बसलेली. ‘फोनवर दाखवतात वंदना,’ ती म्हणाली. ‘मी इथेच करते.’

तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि हात जोडले. तिकडे वस्तीतल्या बायका एका सुरात म्हणत होत्या, इकडे स्वयंपाकघरात आई एकटीच, मागे पडत, नेट अडकलं की थांबत. मला इतका संताप आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. जिच्यासाठी गाडी आणली तिलाच गाडीने घरी बसवलं होतं, आणि वाघोलीत कुणीतरी कॉफी पीत सांगत होतं, एरर नाही.

असे बरेच रविवार गेले. आला विजयादशमीचा, म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस. तो दिवस आईने जन्मात चुकवलेला नाही. आजारी असताना नाही, ड्यूटी असताना नाही. सकाळी पाहते तर ती पांढरी साडी नेसून, पाठीचा पट्टा आवळून दारात उभी. ‘हळू चालव,’ एवढंच म्हणाली. मी नको म्हटलं असतं तर ती बसने गेली असती.

खाली पार्किंगमध्ये आले आणि कपाळावर हात मारून घेतला. आमच्या सोसायटीत दसऱ्याला सगळ्या गाड्यांना वर्गणीतून हार घालतात. कुणाची गाडी ओकीबोकी राहू नये म्हणून कुणालाच विचारत नाहीत. आमच्या गाडीच्या नाकावर तर सेक्रेटरींनी खास जाडजूड हार घालायला लावला होता, ओला, झेंडूचा, मध्ये आपट्याच्या पानांचा जुडगा. मी काढायला हात घातला.

‘राहू दे,’ आई म्हणाली. ‘प्रेमाने घातलाय. उशीर होतोय.’

गाडी चालू केली तर स्क्रीनवर पिवळी पाटी आली. समोरचा सेन्सर झाकला गेला आहे, आपत्कालीन ब्रेक बंद. मला पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला नाही. मुंढव्याचा पूल आला, मी खांदे आवळले. गाडी सुळकन निघून गेली. लोखंडी पत्रे आले. एक पोरगा मोबाईल कानाला लावून दोन बोटांच्या अंतरावरून आडवा घुसला, मी स्वतःच्या पायाने हलकेच ब्रेक दाबला. येरवडा गेला. मागे वळून पाहिलं तर आईने पुढचं सीट सोडलं होतं. हात मांडीवर होते. मला रडायला आलं आणि त्याच वेळी त्या काचेच्या इमारतीवर जाऊन दगड मारावासा वाटला.

विहारासमोर मात्र पंचाईत झाली. निळ्या-पांढऱ्या गर्दीत आमची गाडी झेंडूने मढलेली. मैत्रिणी आधी आईला बिलगल्या आणि मग त्यांच्या नजरा गाडीवर गेल्या. एकीने विचारलंच, ‘ताई, हे काय हो? तुम्ही?’

‘पूजा नाही गं,’ आई म्हणाली. ‘डोळे बांधलेत तिचे. बिघडले होते.’ आणि तिने त्या बाईला गोळी घेतलीस का म्हणून रागवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी मी आनंदाने सर्व्हिस सेंटरला फोन केला. म्हटलं, दोष सापडला, तुमचं रडारच खोटं बघतं, ते झाकलं की गाडी नीट चालते. पाटीचा आणि हार घातलेल्या नाकाचा फोटोही पाठवला. थोड्या वेळाने सल्लागाराचा फोन आला. त्याचा स्वर विजयी होता. ‘बघा मॅडम, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, तुम्ही काहीतरी बांधता. फोटोत हार स्पष्ट दिसतोय.’ मी फोन ठेवला. त्यानंतर मी घरात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

काही दिवस मी हारच बदलत राहिले. सेक्रेटरी मला पाहून कौतुकाने मान हलवायचे, उशिरा का होईना शहाणपण आलं म्हणून. शेवटी आई म्हणाली, फुलं कशाला नासतेस, आणि तिने मलमपट्टीच्या डब्यातून आणावी तशी काळी चिकटपट्टी आणून लोगोवर आपल्या देखरेखीत लावून घेतली. मी चिकटपट्टी दाबून बसवत होते तेव्हा मला म्हणाली, ‘हिचे डोळे बंद केलेत. आता तू तुझे उघडे ठेव. खरंच कुणी समोर आलं तर ही थांबणार नाही.’ कंपनीला ठाऊक असलेली आणि कंपनीने कधी न सांगितलेली ही एकमेव सूचना. मी ती पाळते, आणि चालवताना माझा जीव मुठीत असतो. अधिक सुरक्षित गाडी ती हीच.

मागच्या रविवारी परतताना कल्याणीनगरच्या पुढे आमच्यापुढची गाडी मोकळ्या रस्त्यात कचकन थांबली. मी कशीबशी आवरली. तेच मॉडेल, तोच रंग. पुढच्या सिग्नलला आम्ही शेजारी उभ्या राहिलो तर तिच्या बंपरला लिंबू-मिरच्यांच्या चांगल्या तीन माळा लटकत होत्या, सगळ्यात वरची ताजी.

‘सांगून ये त्यांना,’ आई म्हणाली.

मी उतरले. काच खाली झाली. माझ्याच वयाचा माणूस, घामाने निथळलेला. मी म्हटलं, ‘तुमची पण आपोआप थांबते ना?’

त्याने बाहीने कपाळ पुसलं. मग म्हणाला, ‘आम्हाला तर सांगितलं, अशी तक्रार फक्त तुमचीच आहे.’

मागच्या सीटवर एक लहान मुलगी होती. तिच्या हनुवटीवर टाक्यांची पट्टी होती आणि तिने दोन्ही हातांनी पुढचं सीट घट्ट धरलं होतं.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न सुरू झाले. मी आमच्या गाडीच्या नाकावरची चिकटपट्टी ओढून काढली आणि त्याच्या लोगोवर लावायला वाकले.